आत्याची नजर आणि नवी तार

खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण भाची कारखान्यात लागली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "आत्या, तुझा डबा राहिला घरी!" असं ओरडली, तेव्हापासून ती अख्ख्या खात्याची आत्या झाली. सुपरवायझरसाहेब वयानं तिच्या बरोबरीचे, पण तेही तिला आत्याच म्हणायचे. एकदा मालक आले होते, तेही म्हणून गेले. तिनं कुणालाच हरकत घेतली नाही. हरकत ती फक्त जोडांना घ्यायची.

कारखान्यात हॉस्पिटलच्या घंटांचे बोर्ड बनत. पेशंटच्या उशाशी एक बटण असतं, ते दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो आणि घंटा वाजते. त्या बटणाच्या पोटात तळहाताएवढा हिरवा बोर्ड असतो. त्याच्यावर बारीकसारीक पार्ट, आणि प्रत्येक पार्टच्या पिना भोकांतून खाली काढून तांब्याच्या चकत्यांना सोल्डरनं, म्हणजे तापवून वितळवलेल्या मऊ धातूच्या तारेनं, जोडलेल्या. लांबलचक बाकावर ओळीनं बसून मुली हे जोड मारत. बाकाच्या टोकाला, भिंगाच्या दिव्याखाली, आत्या बसायची. जो जोड तिच्या पसंतीला उतरत नसे त्याच्याशेजारी ती लाल बाणाचा कागद चिकटवायची आणि बोर्ड आल्या वाटेनं परत जायचा.

पारख तिची साधी होती. चांगला जोड चमकतो. मळकट, रवाळ दिसणारा जोड म्हणजे घाईत उरकलेला, नीट न वितळलेला. तो आज धरतो आणि उद्या सोडतो. "तोंड बघितलं की जोडाची नियत कळते," असं ती म्हणायची, आणि ही पारख तिनं कारखान्यापुरती ठेवली नव्हती. दुकानदाराचे बूट बघून ती त्याच्याकडून बटाटे घ्यायचे की नाही ते ठरवायची. नवीन शेजारी राहायला आले तर त्यांच्या खिडकीच्या काचा बघायची आणि घरात येऊन निकाल सांगायची. दहातल्या नऊ वेळा तिचं खरं निघायचं. दहावी वेळ आली की ती विषय बदलायची.

एवढं वय झालं तरी तिला चष्मा नव्हता. बाकावरच्या निम्म्या मुलींना होता. त्या टोकाच्या खुर्चीवर आपण बसतो ते ह्या दोन डोळ्यांच्या जोरावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि इतरांना ते विसरू द्यायची तिची तयारी नव्हती.

आता तिच्या स्वभावाबद्दलही सांगून टाकलेलं बरं. आत्या दुष्ट नव्हती. भाचीचे आईवडील दूर राहायचे, तर हिनं पोरीला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं होतं आणि त्याचा कधी उच्चारसुद्धा केला नव्हता. पण तिला काही सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. भाचीनं एकदाच, पुढच्या खोलीतला नवा पडदा उलटा लागलाय, असं सांगितलं होतं. त्यावर आत्या म्हणाली, "मुद्दाम लावलाय." पडदा अजून तसाच आहे, आणि त्यावरची फुलं छताकडे मुळं करून उभी आहेत.

तर झालं असं, की आत्याच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि तिनं जन्मात पहिल्यांदा लांबलचक रजा घेतली. नेमकं त्याच काळात कारखान्यानं सोल्डरची तार बदलली. जुन्या तारेत शिसं असायचं. शिसं तब्येतीला वाईट, आणि मोठी हॉस्पिटलं आता शिसं असलेला माल घेईनात. नवी तार बिनशिशाची आली. एका दुपारी काम थांबवून सुपरवायझरसाहेबांनी सगळ्यांना पडद्यावर फोटो दाखवले. नव्या तारेचा जोड चमकत नाही, तो मुळातच मळकट आणि रवाळ दिसतो, त्यात खोट काही नाही. चमक बघू नका, उतार बघा. सोल्डर चकतीवर नीट पसरून पिनेला खालून वर निमुळतं चढलंय का, एवढंच बघा. मुलींनी माना डोलावल्या, एकीनं झोप काढली, आणि साहेबांनी आत्याच्या खणातला जुना नमुना, म्हणजे चांगले जोड कसे असतात हे दाखवणारा बोर्ड, काढून त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात नव्या तारेचा बोर्ड घातला. पाकीट धडधाकट होतं, वरची चिठ्ठीही चांगली होती, मग बदला कशाला.

"आत्यांच्या कानावर घाल हं," साहेब भाचीला म्हणाले.

"हो," भाची म्हणाली. आणि घरी जाताना तिनं विचार केला, की हे कामाचं आहे, तर साहेबांनीच सांगितलेलं बरं. साहेबांनी विचार केला, की घरचं माणूस आहे, सांगेलच. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की घंटा बनवणारेसुद्धा एकमेकांकडे बघतात.

आत्या कामावर परत आली, दिव्याखाली पहिला बोर्ड धरला, आणि भिंग पुसलं. मग पुन्हा बोर्ड धरला.

"हे काय गं? सगळ्यांच्या हाताला एकदम काय झालं? मी नाही म्हणून नुसती टंगळमंगळ चालली होती वाटतं इथे!"

जवळ बसलेली, चष्मेवाली एक मुलगी म्हणाली, "आत्या, ती तार आता..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आत्या म्हणाली.

चष्मेवाली पुन्हा जोड मारायला लागली. तिनं आपलं कर्तव्य केलं होतं.

त्या दिवशी आत्यानं लाल बाणांचं पाकीट संपवलं आणि दुसरं मागवलं. बोर्ड परत जायचे, मुली जोड पुन्हा तापवायच्या, जोड पुन्हा मळकट व्हायचा, कारण त्याला दुसरं काही होताच येत नव्हतं. चांगला जोड दोनतीनदा तापवला की खालची तांब्याची चकती उचकटते. तशा बऱ्याच उचकटल्या. त्या बघून आत्याची खात्री पटली की मुलींचा हात खरंच बिघडलाय. भाचीचे बोर्ड तर तिनं जास्तच कडक नजरेनं बघितले, घरच्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणायला नको म्हणून. मुलींना वाटत होतं आत्याला सगळं ठाऊक आहे आणि नव्या तारेलाही ती जुनाच कायदा लावतेय. तिच्या बाबतीत हे अशक्य मुळीच नव्हतं.

मागे बोर्डांची चळत छातीइतकी झाली तेव्हा सुपरवायझरसाहेब आले. 

"आत्या, तपासणीच्या खोलीत हे सगळे बोर्ड चालतायत. ओढूनसुद्धा बघितले, जोड सुटत नाहीत. जरा सैल सोडा की."

"साहेब, मी जोड बघते. काय चालतंय ते बघत नाही."

"मग नमुन्याशी ताडून बघा ना एकदा. नमुना आहेच तुमच्या खणात."

आत्यानं तावातावानं खण उघडला. पाकीट काढलं. वरची चिठ्ठी तीच, तिच्याच अक्षरातली. नमुना तिनं कित्येक वर्षांत बघितला नव्हता. पाठ असलेली गोष्ट कोण उघडून बघतं? तिनं तो दिव्याखाली धरला.

नमुना मळकट दिसत होता.

आत्यानं बोर्ड फिरवला, तिरका धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा. नमुना खोटं बोलत नाही. त्याच्याकडे बघून सगळं जग तपासायचं, त्याला कुणी तपासायचं नसतं. तो जर मळकट दिसत असेल तर मळ बोर्डावर नाही. मळ बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

"बरं," ती म्हणाली, आणि नमुना परत पाकिटात घातला.  साहेबांना वाटलं, आत्या ऐकतात बरं का, आपण उगाच घाबरत होतो.

त्या दिवसापासून बाण बंद झाले. आत्या बोर्ड उचलायची, दिव्याखाली धरायची, पुढच्या ट्रेमध्ये ठेवायची. सगळेच मळकट दिसतात म्हटल्यावर मळकट कुठला आणि चांगला कुठला, सांगणार कसं? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. मुली खूश झाल्या. "ऑपरेशन काकांचं झालं आणि आराम आत्यांना पडला," चष्मेवाली म्हणाली. आत्या ह्या विनोदावर हसली नाही, पण रागावलीही नाही, आणि त्यामुळे मुलींना थोडी काळजी वाटली.

ती खरोखर घाबरली होती. डोळे गेले तर खुर्ची गेली. आणि खुर्ची गेली तर आपण कोण, ह्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. घरी ती एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांनी आकडे स्वच्छ दिसत. ह्याचा अर्थ आजार अगदी आतला आहे, असा तिनं काढला.

नवरा पलंगावर टेकून बसलेला असायचा. तो आयुष्यभर विजेच्या मीटरचे आकडे टिपून घेत घरोघर फिरला होता, आणि जे दिसतं ते लिहावं, त्यावर मत देऊ नये, अशी त्याची सवय होती.

"डोळा का झाकतेस?" त्यानं विचारलं.

"काही गेलंय डोळ्यात."

"दोन्ही?"

"तुम्ही टाके सांभाळा तुमचे."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच गेली. डॉक्टरनं थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, उजेड मारला आणि सांगितलं, "मोतीबिंदू नाही. वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत तुमचे."

"नीट बघा."

"नीटच बघितलं, बाई."

"चमक दिसत नाही मला. मळकट दिसतं."

"काय मळकट दिसतं?"

"जोड."

डॉक्टरनं ह्यावर थोडा विचार केला आणि डोळ्यांना विश्रांती द्यायला सांगितलं. आत्यानं त्याच्याकडे निरखून बघितलं. त्याच्या कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. हा माणूस हलगर्जी आहे आणि ह्याला काही कळत नाही, हे तिला लगेच कळलं.

पण परत येताना तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो हॉस्पिटलचा वॉर्ड. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला एकदम कळ आली होती आणि ती खाली औषधं आणायला गेली होती. त्यानं उशाशी असलेलं बटण दाबलं, घंटा वाजली, नर्स धावत आली. आता ती आंधळ्यासारखी जे बोर्ड पुढे ढकलत होती, ते कुणाच्या तरी उशाशी लागणार होते. तिथलं माणूस दाबेल, पुन्हा दाबेल, आणि टेबलाजवळची नर्स आपली शांतपणे चहा पीत बसेल. आत्याला रडू आलं. ती बसच्या थांब्यावर तोंड फिरवून उभी राहिली आणि जी पहिली बस आली ती तिनं सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं बोर्डाला हात लावला नाही. सरळ सुपरवायझरसाहेबांच्या टेबलाशी गेली. हे टेबल बाकाच्या मागेच होतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू जायचं, आणि मुलींनी हातातले आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवायची तापलेली हत्यारं, स्टँडमध्ये ठेवलेच.

"साहेब, माझ्या जागी दुसरं कुणीतरी बसवा. माझे डोळे गेलेत."

"गेलेत म्हणजे?"

"सगळे जोड मला मळकट दिसतात. नमुनासुद्धा. नमुना बघितला त्या दिवसापासून मी जे पुढे सोडलंय ते न बघता सोडलंय. तो सगळा माल परत मागवा. कुणाच्या जिवाशी खेळ नको." हे सगळं एका दमात सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी लपवलं. चुकलं माझं."

 आत्याच्या तोंडून "चुकलं माझं" हे शब्द ह्याआधी कुणी ऐकले नव्हते.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आत्या," ते हळूच म्हणाले, "जोड मळकटच आहेत."

"ऐं?"

"तार बदललीय. शिसं काढलंय. नव्या तारेचा जोड असाच दिसतो. नमुनाही मीच बदलला, तुम्ही रजेवर असताना. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्यांनी खणातून जुन्या तारेचं उरलेलं एक रीळ काढलं, एका टाकाऊ बोर्डावर जोड मारला आणि तिच्यापुढे धरला. जोड आरशासारखा चमकला. शेजारी नव्या तारेनं दुसरा मारला. तो थिजला आणि मळकट झाला. आत्या दोन्हींकडे बघत राहिली. डोळे जागेवर होते. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं टेबलाची कड धरली. आणि मग, साहजिकच, तिचं डोकं तापलं.

"मग सांगितलं का नाही कुणी? एवढ्या बायका बसतात इथे, एकीला तोंड नाही?"

"मी तुमच्या भाचीला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

भाची उठून उभी राहिली होती. "मी सांगणार होते, आत्या."

"कधी? मी मेल्यावर?"

"रोज. रोज सकाळी ठरवायचे. मग तुझं तोंड बघितलं की राहून जायचं."

"मी तर सांगितलंसुद्धा," चष्मेवाली पुटपुटली. "तुम्ही अंगणाचं म्हणालात."

आत्यानं बाकाकडे बघितलं. एकामागून एक, सगळ्या मुली आपापल्या समोरच्या बोर्डाकडे बघायला लागल्या. ह्या पोरींनी चांगले जोड पुन्हा पुन्हा तापवले, बोटं भाजून घेतली, चकत्या उचकटल्या, शिव्या खाल्ल्या. पण तिला एक वाक्य सांगण्यापेक्षा त्यांना हे सगळं सोपं वाटलं.  मोतीबिंदू निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याला निदान ऑपरेशन तरी आहे.

साहेबांनी माल पॅकिंगमधून परत मागवला. अजून गाडीत चढला नव्हता. खुर्ची तुमचीच आहे, ते म्हणाले, पण नवे फोटो तुम्ही बघितलेले नाहीत, तेव्हा काही दिवस भाची शेजारी बसेल. आत्यानं नकार दिला नाही. भाचीनं आपलं स्टूल उचलून टोकाला आणलं, आणि अंग चोरून, खुर्चीपासून दोन हात लांब ठेवलं.

दोघी बोर्ड बघायला लागल्या. आत्या बोर्ड धरायची, "उतार आहे?" म्हणायची, भाची "आहे" म्हणायची. "पसरलाय?" "पसरलाय." डोळ्यांना हे सगळं अळणी लागत होतं. मळकट, मळकट, मळकट, आणि तरीही चांगला. चळत निम्मी उतरली असेल, तेवढ्यात एका बोर्डाच्या कोपऱ्यात एक जोड लखकन चमकला. गोल, गुळगुळीत, टपोरा. आत्याचा चेहरा उजळला.

"हा बघ! ह्याला म्हणतात जोड! नव्या तारेनंसुद्धा येतो, हात पाहिजे. कुणी मारलाय हा?" आणि तिनं तो बोर्ड सगळ्या बाकाला दिसेल असा उंच धरला.

कुणी हात वर केला नाही.  हे साहेबांनीच सांगावं म्हणून भाचीनं एकदा त्यांच्या टेबलाकडे बघितलं. साहेब कागदात डोकं घालून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"आत्या," भाची म्हणाली.

"काय?"

"तो वाईट आहे."

आयर्न स्टँडमध्ये गेले. चष्मेवालीनं चष्मा सावरला. आत्याचा हात बोर्डासकट वरच राहिला आणि तिच्या कपाळावर ती सगळ्यांच्या ओळखीची आठी आली. पडदा उलटा लागलाय म्हटल्यावर आली होती तीच. भाचीनं मान खाली घातली, पण शब्द मागे घेतले नाहीत.

आत्यानं बोर्ड सावकाश खाली आणला आणि भिंगाखाली धरला. चमक सोडून बाकीचं बघायचं म्हणजे काय बघायचं हे तिला नीटसं येत नव्हतं, म्हणून तिनं जोड आडवा करून बाजूनं बघितला. सोल्डरनं चकतीला धरलंच नव्हतं. तेलकट ताटावर पाण्याचा थेंब बसतो तसा सगळा गोळा न पसरता पिनेवर नुसता बसला होता, म्हणूनच थेंबासारखा चमकत होता; खाली कडेनं केसाएवढी काळी फट होती. लाकडी काडीनं तिनं पिनेला ढकललं. पिन हलली.

असा गोळा जुन्या तारेचा असता, तर तिनं पुढे सोडला असता. सोडला असता कशाला, सोडलेच असणार. इतकी वर्षं ज्या जोडांना तिनं तोंड बघून पास केलं, त्यांतले किती असे नुसतेच चमकणारे होते, कुठल्या कुठल्या उशांशी ते लागले आणि तिथे कुणी किती वेळा बटण दाबलं, हे आता कळायला काही मार्ग नव्हता. आणि ह्या पोरींपैकी एखादीला ते तेव्हाच दिसलं असेल, आणि तिनं आत्याचं तोंड बघितलं असेल, आणि राहून गेलं असेल.

तिनं लाल बाण काढला. तो बोटाला चिकटला, मग भलतीकडे चिकटला, उचकटून पुन्हा लावावा लागला. 

"स्टूल जवळ घे," ती भाचीला म्हणाली.

भाचीनं घेतलं.

आत्यानं पुढचा बोर्ड उचलला आणि स्वतः न बघताच तिच्या हातात दिला. "आधी तू सांग," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं सांग."